आयुष्याची मुदत कोण ठरवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. लॉस एंजेलिस शहरातील पाच तरुण पुरुषांना न्यूमोसिस्टिस नावाचा एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. प्रकृतीने धडधाकट असलेल्या माणसाला हा आजार सहसा होत नाही. टिपण छापून होईपर्यंत त्या पाचांपैकी दोघे मरण पावले होते. पुढे एड्स ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या महामारीची ही पहिली अधिकृत नोंद. त्यानंतर ऑक्टोबर १९९५ पर्यंत एकट्या अमेरिकेत ५ लाख १ हजार ३१० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ६२ टक्के रुग्ण तोवर दगावले होते.

ह्या पहिल्या पंधरा वर्षांचा इतिहास बहुधा विज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रोग आला, विषाणू सापडला, औषध निघाले आणि माणसे जगू लागली, असा तो सरळ क्रम असतो. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. कारण रोग एकच, विषाणू एकच, शहरही एकच असताना एक रुग्ण निदानानंतर चार महिन्यांत मरत होता आणि दुसरा दहा-अकरा वर्षे जगत होता. ह्या तफावतीचा काही भाग शरीरप्रकृतीचा आणि काही भाग निव्वळ नशिबाचा होता, हे मान्य करावेच लागेल. परंतु उरलेला भाग मोठा आहे, आणि तो समाजरचनेचा आहे. कोणाला किती दिवस जगायला मिळाले, हा प्रश्न त्या काळात पुष्कळ अंशी वितरणाचा प्रश्न होता. पैसा, विमा, औषध, शुश्रूषा आणि माहिती ह्यांचे वाटप जसे विषम होते, तसेच आयुष्याचे वाटपही विषम झाले. आजच्या विवेचनाचा विषय तेवढाच आहे.

आधी आकड्यांकडे पाहू. १९८६ पूर्वी न्यूयॉर्क शहरात निदान झालेल्या ५,८३३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर एक वर्ष जगण्याची शक्यता ४८.८ टक्के आणि पाच वर्षे जगण्याची शक्यता १५.२ टक्के, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे सर्व रुग्ण आयुष्यमर्यादेच्या क्रमाने एका रांगेत उभे केले, तर बरोबर मधोमध येणारा रुग्ण वर्ष पूर्ण होण्याच्या थोडे आधीच मरत होता. परंतु सरासरीच्या पोटात काय दडलेले आहे ते पाहिले पाहिजे. तिशीच्या सुरुवातीचे, गोरे, समलिंगी पुरुष, ज्यांना केवळ कापोसी सार्कोमा हा त्वचेवर प्रकट होणारा कर्करोग झाला होता, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण वर्षभर जगले. उलट, सुईने मादक द्रव्ये टोचून घेतल्यामुळे ज्यांना लागण झाली अशा कृष्णवर्णीय स्त्रियांची अवस्था सर्वांत वाईट होती. रांगेच्या एका टोकाला गोरा पुरुष आणि दुसऱ्या टोकाला गरीब कृष्णवर्णीय स्त्री, हे चित्र अमेरिकन समाजाच्या उतरंडीशी इतके तंतोतंत जुळते की त्याला केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

अर्थात ह्या आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. आयुष्य मोजायचे ते निदानाच्या दिवसापासून. ज्याच्याजवळ डॉक्टर आहे त्याचे निदान लवकर होते आणि म्हणून तो कागदोपत्री जास्त जगलेला दिसतो. ज्याला शेवटच्या आठवड्यात सरकारी इस्पितळात आणून टाकले जाते, त्याच्या आयुष्याची नोंद आठवड्यातच आटोपते. त्यामुळे ह्या तफावतीतील काही भाग मोजणीचा आहे. परंतु उशिरा निदान होणे हेही गरिबीचेच लक्षण असते. मोजणीतील दोष काढून टाकला म्हणून त्यामागील अन्याय नाहीसा होत नाही.

शिवाय, रुग्ण कोणाला म्हणावे हेही कोणीतरी ठरवत होते. एड्सची सरकारी व्याख्या आरंभी ज्यांच्यात रोग दिसला त्या पुरुषांच्या आजारांवरून बांधलेली होती. स्त्रियांना होणारे अनेक विकार तीत नव्हते. आणि अपंगत्वाचा सरकारी भत्ता तर ह्याच व्याख्येच्या आधाराने मिळे. परिणामी अनेक स्त्रिया त्याच विषाणूने मरत होत्या. परंतु कागदोपत्री त्या एड्सच्या रुग्ण नव्हत्या, आणि म्हणून भत्त्यालाही पात्र नव्हत्या. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ह्याविरुद्ध दावा गुदरण्यात आला, निदर्शने झाली, आणि १९९३ च्या जानेवारीत व्याख्या बदलली. गर्भाशयमुखाचा कर्करोग, फुप्फुसाचा क्षय आणि वारंवार होणारा न्यूमोनिया तीत समाविष्ट झाले. व्याख्येतील दोन-तीन शब्दांवर माणसांची भाकरी अवलंबून असते, हे कामगार चळवळीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता औषधाकडे वळू. एड्सचा विषाणू शरीराची संरक्षक भिंत पाडतो. पडलेल्या भिंतीतून इतर रोग आत शिरतात आणि रुग्ण बहुधा त्या इतर रोगांनी मरतो. अमेरिकेत ह्यांतला सर्वांत मोठा मारेकरी होता तो आरंभी उल्लेखिलेला न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया. आणि हा न्यूमोनिया टाळता येतो, हे महामारी सुरू होण्यापूर्वीच ठाऊक झालेले होते. १९७७ मध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या १६० मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ८० मुलांना को-ट्रायमॉक्साझोल हे औषध दिले गेले आणि ८० मुलांना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. दुसऱ्या गटातील १७ मुलांना हा न्यूमोनिया झाला. औषध घेणाऱ्या गटात एकालाही झाला नाही. को-ट्रायमॉक्साझोल म्हणजे आपल्याकडे सेप्ट्रान, बॅक्ट्रिम ह्या नावांनी घरोघर माहीत असलेली स्वस्त गोळी.

असे असूनही एड्सच्या रुग्णांना ही गोळी प्रतिबंधक म्हणून द्यावी, अशी अधिकृत शिफारस अमेरिकन शासनाने केव्हा केली? १९८९ च्या जूनमध्ये. महामारीच्या नवव्या वर्षी! दरम्यान न्यूयॉर्कमधील डॉ. जोसेफ सोनाबेंड ह्यांच्यासारखे मोजके डॉक्टर आपल्या रुग्णांना ती नेमाने देत होते आणि त्यांचे रुग्ण ह्या न्यूमोनियापासून बचावत होते. त्यांचा एक रुग्ण मायकेल कॅलन हा गायक. त्याचे निदान १९८२ मध्ये झाले होते. १९८७ मध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन शासकीय वैद्यकाधिकाऱ्यांना विनंती केली की, निदान डॉक्टरांना एक साधे परिपत्रक तरी पाठवा. पुरेसा पुरावा नाही, असे उत्तर मिळाले. पुरावा नव्हता हे एका अर्थी खरेच होते. एड्सच्या रुग्णांवर तसा प्रयोग झालेला नव्हता. परंतु प्रयोग का झाला नाही? जुन्या, स्वस्त गोळीवर प्रयोग करण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नव्हता, आणि ज्या शासनाने तो करायचा त्याचे लक्ष नव्या, भारी औषधांकडे होते. बाजारपेठेला ज्या ज्ञानाची किंमत वाटत नाही, ते ज्ञान हाताशी असूनही वापरले जात नाही. त्या दोन वर्षांत किती हजार माणसे ह्या टाळता येण्याजोग्या न्यूमोनियाने गेली असतील, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कॅलन स्वतः डिसेंबर १९९३ पर्यंत जगला. निदानानंतर अकरा वर्षे. त्याच्या सर्वच वैद्यकीय मतांना पुढील संशोधनाने दुजोरा दिला असे नाही. परंतु एड्स झाला म्हणजे वर्षभरात मरण ठरलेलेच, ही समजूत स्वतःच घातक आहे, हे त्याने १९८० च्या दशकातच ओळखले. जो मरणारच आहे असे गृहीत धरले, त्याच्या साध्या आजारावर उपचार करण्याचे कष्ट कोण घेणार? त्याने दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांना शोधून त्यांच्याशी बोलून १९९० मध्ये एक पुस्तक लिहिले. असे लोक आहेत, हे सांगणे हेच त्या काळी मोठे काम होते.

पेंटामिडीन ह्या दुसऱ्या एका औषधाची हकीगत बाजाराची रीत अधिकच स्पष्ट करते. हे औषधही जुनेच. ते हुंगून घेतल्यास न्यूमोनिया टळतो, हे सिद्ध करणारे प्रयोग सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क येथील वस्त्यांमधल्या डॉक्टरांनी व रुग्णांनी स्वतः संघटित होऊन केले. मोठ्या विद्यापीठांनी नव्हे. त्या पुराव्यावर १९८९ मध्ये शासनाने मान्यता दिली. परंतु ते विकण्याचा विशेष हक्क मिळालेल्या कंपनीने त्यापूर्वीच किंमत सुमारे चौपट केली होती.

मग आले ते बहुचर्चित औषध, झिडोव्हुडिन अर्थात ए. झेड. टी. त्याची जन्मकथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना धड्यासारखी शिकवली पाहिजे. हे रसायन प्रथम १९६४ मध्ये मिशिगनमधील जेरोम होर्विट्झ ह्या संशोधकाने कर्करोगावरील औषध म्हणून तयार केले, तेही सरकारी अनुदानावर. कर्करोगावर ते चालले नाही. म्हणून ते बाजूला पडून राहिले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील सरकारी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की, ते एड्सच्या विषाणूला अटकाव करते. एकस्व मात्र बरोज वेलकम ह्या कंपनीकडे गेले. १९८६ मध्ये रुग्णांवरील चाचणीत औषध न मिळालेल्या १३७ जणांपैकी १९ दगावले आणि औषध मिळालेल्या १४५ जणांपैकी फक्त एक. चाचणी तेथेच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले, आणि १९ मार्च १९८७ रोजी त्याला मान्यता मिळाली. किंमत ठरली रुग्णामागे वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर. त्या वेळेपर्यंत बाजारात आलेल्या सर्वांत महाग औषधांत त्याची गणना झाली.

त्याच मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही संघटना स्थापन झाली. तिचे पहिले निदर्शन २४ मार्च रोजी झाले, आणि ते कोठे झाले हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते इस्पितळासमोर झाले नाही, सरकारी कचेरीसमोरही झाले नाही. ते वॉल स्ट्रीटवर, शेअरबाजाराच्या दारात झाले. ज्यांना समाजाने लाजिरवाणे ठरवले होते, त्या माणसांनी आपल्या मरणाचा पत्ता अचूक शोधून काढला होता. गरीब रुग्णांना हे औषध विकत घेता यावे म्हणून त्याच वर्षी केंद्र शासनाला तीन कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. म्हणजे करदात्यांनी संशोधनाचा खर्च दिला आणि मग त्याच संशोधनातून निघालेल्या औषधाची भरमसाट किंमतही पुन्हा करदात्यांनीच दिली. १४ सप्टेंबर १९८९ रोजी निदर्शक थेट शेअरबाजाराच्या आत शिरले आणि व्यवहार रोखला. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. रसायन तेच, कारखाना तोच, उत्पादनखर्च तोच. बदलले होते ते फक्त दडपण. किंमत ही निसर्गाने ठरवलेली नसते, ती शक्तीच्या तोलावर ठरते, ह्याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

येथे सत्याशी प्रामाणिक राहणे अगत्याचे आहे. हे औषध म्हणजे संजीवनी नव्हती. आरंभीची मात्रा इतकी मोठी होती की अनेकांचे रक्तच आटून गेले. १९९० मध्ये ती निम्म्यावर आणावी लागली. विषाणू थोड्याच काळात औषधाला जुमानेनासा होई. ज्यांना अजून लक्षणे नव्हती त्यांना हे एकच औषध आधीपासून दिल्याने आयुष्य वाढत नाही, असे ब्रिटन व फ्रान्समधील मोठ्या चाचणीत १९९३ मध्ये आढळले. म्हणजे त्या पंधरा वर्षांत जी काही मुदत वाढली, ती एखाद्या चमत्कारी गोळीने वाढलेली नाही. न्यूमोनिया टाळणारी स्वस्त गोळी, वेळेवर निदान, दोन वेळचे अन्न, डोक्यावर छप्पर आणि जवळ बसणारे माणूस ह्या साध्या गोष्टींनी ती महिन्यामहिन्याने वाढत गेली.

जवळ बसणारे माणूस हा शब्दप्रयोग भावनेच्या भरात केलेला नाही. आरंभीच्या वर्षांत अनेक इस्पितळांत जेवणाचे ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवले जाई; आत जायला कोणी धजत नसे. अशा काळात, जुलै १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक इस्पितळात '५ बी' हा बारा खाटांचा कक्ष सुरू झाला. क्लिफ मॉरिसन ह्या परिचारकाने तो उभारला आणि स्वेच्छेने आलेल्या परिचारिकांनी तो चालवला. रुग्णाला स्पर्श करायचा, त्याचा हात हातात घ्यायचा, आणि त्याचे नातलग कोण हे त्यालाच ठरवू द्यायचे, असा त्यांचा रिवाज होता. कक्षाबाहेर स्वयंसेवकांचे जाळे होते. ते घरी जाऊन स्वयंपाक करत, कपडे धुत, अर्ज भरून देत. ह्या व्यवस्थेमुळे रुग्ण इस्पितळात कमी दिवस आणि घरी जास्त दिवस राहू लागले, खर्चही उतरला. न्यूयॉर्कमध्ये १९८२ मध्येच रुग्णांच्या मित्रांनी अशी संघटना उभी केली होती. आणि १९८३ च्या जूनमध्ये डेन्व्हर येथे काही रुग्णांनी एकत्र येऊन जाहीर केले की, त्यांना बळी म्हणू नये. आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात सहभागी होण्याचा त्यांना हक्क आहे. औषध हाती येण्यापूर्वी ह्या माणसांनी संघटना हाती घेतली. राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी ह्या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते ३१ मे १९८७ रोजी, आणि तोपर्यंत वीस हजारांहून अधिक अमेरिकन मेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या स्वयंसेवेचे मोल कळते.

परंतु स्वयंसेवेला मर्यादा असतात. अमेरिकेत वैद्यकीय विमा हा नोकरीला बांधलेला आहे. माणूस आजारी पडला की नोकरी जाते, नोकरीबरोबर विमा जातो, आणि विमा नेमका तेव्हाच हवा असतो. अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळण्यापूर्वी पाच महिने थांबावे लागे, आणि तो सुरू झाल्यावर मेडिकेअर ही सार्वजनिक आरोग्ययोजना लागू होण्यासाठी आणखी चोवीस महिने. एकूण एकोणतीस महिने. रांगेच्या मधोमध असलेला रुग्ण वर्ष पुरे होण्याआधी मरत होता, हे वर आलेच आहे. म्हणजे शासनाने आरोग्यसेवेचा हक्क दिला होता, परंतु तो बहुसंख्य रुग्णांच्या मृत्यूनंतरच्या तारखेला! ज्यांना एवढे थांबता येत नसे, त्यांना दरिद्री लोकांसाठी असलेल्या योजनेत शिरण्याकरिता आधी आपली सर्व शिल्लक संपवून खरोखर दरिद्री व्हावे लागे.

ह्या पोकळीत बाजार शिरला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे एक नवा धंदा सुरू झाला. मरणाऱ्या रुग्णाची आयुर्विम्याची पॉलिसी एखादी कंपनी दर्शनी रकमेहून कमी दराने विकत घेई, पुढचे हप्ते स्वतः भरी आणि तो मेल्यावर पूर्ण रक्कम वसूल करी. रुग्णाला औषधपाण्याला, घरभाड्याला रोख पैसा मिळे. त्या अर्थाने अनेकांना त्याचा आधारही झाला, हे नाकारू नये. परंतु ह्या व्यवहाराचे गणित पाहा. रुग्ण जितका लवकर मरेल, तितका गुंतवणूकदाराचा नफा जास्त. तो जितका जगेल, तितका तोटा. १९९६ च्या जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत जाहीर झाले की, तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबून राहतो. जगभरच्या रुग्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच महिन्यात अशा एका कंपनीने एड्सच्या रुग्णांच्या पॉलिसी विकत घेणे थांबवल्याचे जाहीर केले. माणसे जगणार, ही बातमी बाजारात धोक्याची सूचना म्हणून पोहोचली. भांडवलशाहीवर टीका करणारी पुस्तके पुष्कळ आहेत, परंतु तिच्या हिशेबाच्या वहीतील ही एक नोंद त्यांतील अनेक पुस्तकांहून बोलकी आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेतील एड्सचा मृत्युदर आधीच्या वर्षापेक्षा ४७ टक्क्यांनी घसरला. येथे आधीच्या पंधरा वर्षांतील धडपडीचा खरा अर्थ उमगतो. ज्याला १९९५ मध्ये स्वस्त गोळीने, शेजाऱ्याच्या हातच्या पेजेने किंवा न्यायालयातून मिळवलेल्या भत्त्याने एक वर्ष अधिक मिळाले, तो १९९६ पर्यंत पोहोचला. आणि जो पोहोचला, त्याच्यापुढे अनेक वर्षांचे आयुष्य उघडले. असाध्य रोगात चार-सहा महिन्यांची मुदत वाढवून काय साधणार, असे विचारणारे शहाणे तेव्हाही होते. त्यांना उत्तर मिळाले. मुदत वाढवणे म्हणजे उद्याच्या ज्ञानापर्यंत माणसाला जिवंत पोहोचवणे होय.

आता थोडे आपल्याकडे. भारतात ह्या विषाणूची लागण प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकारी निर्मला ह्यांच्या तपासणीतून उघड झाली. ह्यावर शासनाची पहिली प्रतिक्रिया पोलिसी होती. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमनिक डिसोझा ह्या तरुणाला, रक्तदान करताना त्याच्या रक्तात विषाणू आढळला म्हणून, म्हापशात पोलिसांनी ताब्यात घेतले आणि एका जुन्या क्षयरोग्यांच्या इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद केलेली होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. सुटल्यावर त्याने गोव्यात रुग्णांची संघटना उभारली, आणि १९९२ च्या मे महिन्यात तो मुंबईत वारला. अशा कोंडवाड्याचा परिणाम एका माणसापुरता राहत नाही. तपासणी म्हणजे अटक, असे समीकरण झाले की लोक तपासणी टाळतात. निदान उशिरा होते आणि आयुष्य तोकडे होते. महाराष्ट्राला हे नवे नव्हते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोजिरांनी घरे धुंडाळली तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुत्र यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करता करता स्वतः गेल्या. महामारीत शासनाची आणि समाजाची अशी दोन रूपे दिसतात. कोणते बळावते त्यावर रुग्णाची मुदत ठरते.

औषधाबाबत मात्र भारताजवळ एक मोठे हत्यार होते. १९७० च्या एकस्व कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती, फक्त तो तयार करण्याच्या रीतीवर हक्क मान्य केला होता. म्हणून मुंबईच्या सिप्ला कंपनीला १९९३ मध्ये झिडोव्हुडिन आणता आले, आणि २००१ च्या फेब्रुवारीत डॉ. युसुफ हमीद ह्यांनी तीन औषधांचा वर्षाचा संच ३५० डॉलरला देण्याची तयारी जाहीर केली. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा ते पंधरा हजार डॉलर होती. आफ्रिकेतील लाखो जीव त्या निर्णयाने वाचले. परंतु येथेही वितरणाचा प्रश्न सुटला नाही. भारतात शासनाने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह मोजक्या ठिकाणी. म्हणजे १९९६ ते २००४ अशी आठ वर्षे औषध ठाऊक होते, काही काळ तर ते मुंबईतच बनत होते, आणि तरीही गरीब रुग्ण त्यावाचून मरत होता. उत्पादन हे अर्धेच काम आहे. ते पोहोचवणारी सार्वजनिक व्यवस्था नसेल तर स्वस्त औषधही गरिबाला महागच असते.

मित्रहो, ह्या इतिहासातून कार्यकर्त्यांनी काय घ्यायचे? पहिली गोष्ट अशी की, आरोग्याच्या प्रश्नात तज्ज्ञांचा मान राखावा, परंतु तो प्रश्न सर्वस्वी त्यांच्या स्वाधीन करू नये. न्यूयॉर्कच्या रुग्णांनी स्वतः वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला, आणि म्हणूनच त्यांना तज्ज्ञांशी बरोबरीने वाद घालता आला. दुसरी गोष्ट, किंमत आणि हक्काची तारीख ह्या दोन्हींवर लढावे लागते. कागदावर मंजूर झालेली योजना रुग्णाच्या हयातीत त्याच्या हाती पडते की नाही, हे तपासणे हे तालुक्याच्या कार्यकर्त्याचे काम आहे. २०१७ मध्ये आपल्याकडे एच. आय. व्ही. व एड्सविषयक कायदा झाला. त्यात भेदभावाला बंदी आहे, परंतु उपचार देण्याचे बंधन शासनाने 'शक्य तितके' अशा शब्दांनी सैल ठेवले. त्या दोन शब्दांच्या फटीत काय काय हरवू शकते, हे आता सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराला अनुसरून भारताने औषधाच्या पदार्थावरील एकस्व पुन्हा मान्य केले. हत्यार बोथट झाले, पण ते हातातून गेलेले नाही. चिवट क्षयावरील बेडाक्विलिन ह्या औषधाचे एकस्व वाढवून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मुंबईतील एक आणि दक्षिण आफ्रिकेतील एक अशा क्षयातून उठलेल्या दोन तरुणींनी भारतीय एकस्व कार्यालयात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. आजारातून वाचलेली माणसे इतरांसाठी लढतात, तेव्हा वॉल स्ट्रीटच्या दारात बसलेल्या त्या रुग्णांचेच काम पुढे चालत असते.

विषाणू कोणाला गाठेल, हे पुष्कळदा माणसाच्या हाती नसते. गाठल्यानंतर तो माणूस किती दिवस जगेल, हे मात्र औषधाची किंमत, इस्पितळाचे दार, कायद्याचा मजकूर आणि शेजाऱ्यांचे वर्तन ह्यांवर ठरते, आणि ह्यांतील प्रत्येक गोष्ट माणसांनी केलेली असल्याने माणसांना बदलता येते. आपापल्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात औषध संपले आहे का, हे ह्या आठवड्यात जाऊन विचारावे. कामाची सुरुवात तेथून होते.